भावोजींचा सुरळीत महामार्ग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी भावोजी म्हणतो. महामार्गावरचे ड्रायव्हर त्यांना काय काय म्हणायचे ते सगळं सांगण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात चारचौघांत घेता येईल असं नाव म्हणजे 'सुरळीत'.

भावोजी महामार्गाच्या नियंत्रण कक्षात निवेदक होते. हा रस्ता तीन राज्यांतून जातो. आधी सपाट मैदान, मग नदीचं खोरं, मग घाट, घाट चढला की उभा माणूस आडवा करणारा वारा असलेलं पठार, पठार उतरलं की नुसती धूळ, आणि शेवटी राजधानीचं मोठं शहर. एका टोकाला घाम पुसत निघालेला माणूस मधेच कोट घालतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा घाम पुसत उतरतो. अशा या रस्त्याची स्थिती दर तासाला रेडिओवर सांगायची, हे भावोजींचं काम. आवाज खर्जातला, गुळगुळीत, नुकतं तेल घातलेल्या बिजागरीसारखा. पूल वाहून गेल्याची बातमी त्या आवाजात दिली असती, तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, चला, बरं झालं, अडथळा गेला.

पण तशी बातमी ते देत नसत. त्यांचा शब्दसंग्रह तीन शब्दांचा होता. 'सुरळीत', 'काहीशी संथ', आणि अगदीच जगबुडी आली तर 'सावकाश जावे'. 'बंद' हा शब्द साहेबांच्या सहीशिवाय उच्चारायचा नाही असा नियम होता, कारण रस्ता बंद म्हटला की टोल बंद. आणि साहेब सहीपुरते कधी जागेवर सापडत नसत. त्यामुळे भावोजींच्या अख्ख्या नोकरीत दरडी कोसळल्या, नदी रस्त्यावर आली, टँकर उलटून मैलभर तेल सांडलं, पण महामार्ग काही बंद पडला नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्या महामार्गावर पुढच्याला ठेच लागली की मागच्याला 'सुरळीत' ऐकू यायचं.

कक्षात त्यांच्या शेजारी एक बाई कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायच्या. निम्मे कॅमेरे बंद, उरलेल्यांतले निम्मे आकाशाकडे बघणारे. धुकं पडलं की पडदा पांढरा व्हायचा. बाई विचारायच्या, "काय सांगायचं हो?" भावोजी म्हणायचे, "वाहन दिसतंय का?" "नाही." "वाहन दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा. सुरळीत."

एकदा एका ट्रकवाल्याने फोन करून घाटात दरड पडल्याचं कळवलं. भावोजी म्हणाले, "दरड नसेल, खडी असेल. नीट बघा."

तो म्हणाला, "खडी असती तर मी तिच्यावरून गेलो असतो. ही माझ्या पुढच्या ट्रकवरून गेलीय."

भावोजींनी 'सावकाश जावे' सांगितलं, आणि रात्री जेवताना हा किस्सा आम्हाला अशिक्षित लोकांचं उदाहरण म्हणून ऐकवला.

गंमत म्हणजे या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. झोपाळ्यावर बसलं तरी मळमळायचं. घर नियंत्रण कक्षाच्या मागच्याच आवारात, त्यामुळे नोकरीला चालत जायचे, चालत यायचे. ज्या महामार्गाबद्दल ते जन्मभर बोलले, तो त्यांनी आमच्या गावाबाहेरच्या टोलनाक्यापलीकडे पाहिलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, पण यांनी उंटसुद्धा ऑफिसातच बांधला होता.

माझं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी, एक मी, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा ब्रेक आणि क्लच. नवशिक्यांबरोबर दिवस काढून संध्याकाळी ताईकडे चहाला गेलो की भावोजी मला घाट कसा चढावा ते सांगत. "पहिल्या वळणाला गिअर बदलायचा, धांदल करायची नाही." कोणता गिअर, हे मी विचारत नसे. ताई पाठीमागून मला डोळ्यांनी गप्प करायची. तिच्या घरात भावोजींचा शब्द म्हणजे शेवटचा, निदान तो संपेपर्यंत तरी.

तर अशा भावोजींना बक्षीस जाहीर झालं. राजधानीतल्या मुख्यालयात समारंभ, खुद्द साहेबांच्या हस्ते, 'विश्वासार्ह निवेदक' म्हणून. ताईला आनंद झाला, पण तिने पहिला प्रश्न अडचणीचाच विचारला.

"तुम्ही नसताना रेडिओवर कोण बोलणार?"

"मीच," भावोजी म्हणाले. "आजच बसून पुढचं सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. दर तासाला आपोआप लागेल."

"उद्या रस्त्यावर काय होणार ते तुम्हाला आज कसं कळलं?"

"काय होणार ते सांगायचंच नसतं," भावोजी समजावणीच्या सुरात म्हणाले. "वाहतूक कशी आहे, तेवढं सांगायचं असतं."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी चहाच्या कपात बघायला लागलो.

जायचं कसं, हा प्रश्न सुटला तो माझ्या गळ्यात पडूनच. मेव्हणा ड्रायव्हिंग स्कूलवाला असताना बाहेरची गाडी कशाला? पहाटेच्या उजेडात निघालो. भावोजींनी नवा कोट घातला होता आणि मानेला उशी लावली होती. ते मोठ्या दिमाखात पुढे, माझ्या शेजारी बसले. म्हणजे नेमके जादा ब्रेकवर.

मैदानातला सरळ रस्ता. लोकांना वाटतं सरळ रस्त्यावर काय असतं? सरळ रस्त्यावर वेगाच्या लेनमध्ये मधोमध टायर बदलणारा ट्रक असतो, आणि खूण म्हणून मागे ठेवलेले दगड असतात. वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर असतो, त्याला दिवा नसतो, पण गाणी असतात. कडेची रेलिंग चोरीला गेलेली असते आणि 'पुढे रेलिंग आहे' ही पाटी शाबूत असते. पहिला ट्रॅक्टर समोर आला आणि भावोजींनी दोन्ही पाय गच्च दाबले. गाडी जागच्या जागी थांबली. मागचा ट्रक आमच्या डिकीला हुंगून कडेला गेला आणि त्याच्या क्लीनरने खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"हा माणूस उलटा का येतोय?" भावोजींनी विचारलं. आवाजातलं तेल जरा कमी झालं होतं.

"रोज येतो," मी म्हणालो. "तुम्ही त्याला 'काहीशी संथ' म्हणता."

पुढच्या ढाब्यापर्यंत त्यांनी एवढे ब्रेक मारले की मागे बसलेल्या ताईचं कपाळ माझ्या सीटवर आपटून लाल झालं. शेवटी तिनेच निकाल लावला. "तुम्ही मागे बसा. तिथे दाबायला काही नाही."

मागे बसल्यावर त्यांना उलट्या सुरू झाल्या. नदीच्या खोऱ्यात धुकं होतं. मी पुढच्या बसचे लाल दिवे धरून चाललो होतो, ती बस तिच्या पुढच्याचे. पुढचा चुकला असता तर आम्ही सगळे रांगेने, शिस्तीत नदीत गेलो असतो. मी रेडिओ लावला. तेवढ्यात तास भरला आणि गाडीत भावोजींचा आवाज घुमला. "नमस्कार. नदीच्या खोऱ्यात वाहतूक सुरळीत आहे. प्रवास सुखाचा होवो." मागच्या सीटवर मूळ भावोजी पिशवीत तोंड घालून बसले होते. ताई त्यांची पाठ चोळत म्हणाली, "ऐकलंत? सुखाचा होवो."

धुकं विरळलं, घाट सुरू झाला आणि चढावरच्या एका मोठ्या वळणावर सगळं ठप्प झालं. पुढे दरड आली होती. आम्ही उतरून चालत वर गेलो. वळणापलीकडे डोंगराचा एक लचका सरळ रस्त्यावर बसला होता. लाल माती, झाडं मुळांसकट, आणि घराएवढे धोंडे. त्याखाली एका ट्रकची मागची बाजू गेली होती. केबिन बाहेर होती, पण चेपून, आणि आत ड्रायव्हर होता. शुद्धीवर होता. त्याचा पाय अडकला होता. दोघा-तिघांनी पहारी लावून बघितल्या, पण पत्रा हलेना. क्रेन पाहिजे होती. क्रेन खालच्या चौकीवर होती, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण चौकी आणि दरड यांच्या मधे अख्खा घाट वाहनांनी भरला होता, आणि मागून आणखी भरत होता.

"मागचे थांबत का नाहीत?" भावोजींनी एका बसच्या कंडक्टरला विचारलं.

"का थांबतील? रेडिओवर तो गाढव सांगतोय ना, घाट सुरळीत म्हणून. चौकीवाले कुणाला अडवत नाहीत, वरून हुकूम नाही म्हणतात." कंडक्टर थुंकला. "एकदा त्याला इथे आणून उभा करायला पाहिजे."

मी ताईकडे बघितलं. ताईने दरडीकडे बघितलं. भावोजी म्हणाले, "खरं आहे," आणि कोटाची बटणं लावू लागले.

मग त्यांनी कक्षात फोन केला. कॅमेऱ्यांच्या बाईंनी उचलला. फोन कानाला लावून ते उभे होते, पण त्या बाईंचा आवाज मोठा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"मी बोलतोय. घाटात दरड आलीय. ताबडतोब प्रसारण थांबवा आणि घाट बंद म्हणून सांगा."

"दरड आहे की खडी?" बाईंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात जराही खवचटपणा नव्हता. त्यांना असंच शिकवलं होतं, आणि कुणी ते मी सांगायला नको.

"बाई, मी तिच्यासमोर उभा आहे."

"हो, पण पडद्यावर पांढरं दिसतंय. आणि बंद म्हणायला साहेबांची सही लागते. साहेब राजधानीत आहेत, तुमच्या समारंभाच्या तयारीत."

"निदान माझी ती ध्वनिफीत तरी काढा."

"तिला कुलूप आहे. तुम्हीच लावून गेलात, कुणी हात लावू नये म्हणून. किल्ली तुमच्याकडे असेल."

भावोजींनी कोटाच्या खिशात हात घातला. किल्ली होती.

त्यानंतर त्यांनी केलं ते मी त्यांच्याकडून अपेक्षिलं नव्हतं. ते परत त्या चेपलेल्या केबिनपाशी गेले, एका दगडावर पाय ठेवून खिडकीपर्यंत चढले आणि ड्रायव्हरला पाणी पाजलं. "धीर धरा," ते म्हणाले, "क्रेन येतेय."

ड्रायव्हरने डोळे उघडले. ओळखीचा आवाज ऐकल्यासारखा बघत राहिला. "तुम्ही रेडिओवाले ना? सुरळीत?"

भावोजींनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

"सकाळी मी फोन केला होता तुमच्याकडे. दगड घरंगळताहेत म्हणून. बाई म्हणाल्या, बरं, बघते. मग रेडिओ लावला तर तुम्ही म्हणालात सुरळीत आहे. म्हटलं, यांनी बघितलं असेल." त्याचा श्वास अडकत होता, तरी बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "क्रेन येतेय म्हणालात, ते बघून म्हणालात का?"

भावोजी खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. ते तरातरा घाट उतरायला लागले. रांगेत एक गाद्या-उशा विकणारा टेम्पो अडकला होता, त्याच्या टपावर भोंगा. भावोजींनी टेम्पोवाल्याच्या हातून माइक घेतला आणि आपल्या त्याच खर्जात सुरुवात केली. "नमस्कार. घाट बंद आहे. सर्व वाहनांनी मागे वळावे. क्रेनला वाट द्यावी."

काचा खाली झाल्या. डोकी बाहेर आली. कुणी हललं नाही.

"रेडिओवर तर चालू सांगताहेत," एक टँकरवाला म्हणाला.

"ते खोटं आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण ते मीच सांगतोय," भावोजी म्हणाले.

टँकरवाल्याने रेडिओचा आवाज वाढवला. तास भरलाच होता. रेडिओतले भावोजी म्हणाले, घाटात वाहतूक सुरळीत आहे. भोंग्यातले भावोजी म्हणाले, घाट बंद आहे. टँकरवाल्याने शांतपणे दोन्ही ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता तुमच्यातला कुठला खरा धरायचा?"

आयुष्यात पहिल्यांदा भावोजींच्या हातात माइक होता आणि तोंडात शब्द नव्हता. मागून हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी ओरडलं, गादी केवढ्याला दिली ते सांग. लोक हसले.

तेव्हा ताई पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला. तिचा आवाज काही खर्जातला नाही. बारीक आहे, आणि चिडली की चिरका होतो. "ऐका," ती म्हणाली. "मी या माणसाची बायको आहे. याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावर ठेवा. वर एक माणूस ट्रकमध्ये अडकलाय. ज्याला खोटं वाटत असेल त्याने चालत वर जाऊन बघून यावं, आणि बाकीच्यांनी गाड्या वळवाव्यात. हॉर्न वाजवून डोंगर सरकत नाही."

टँकरवाल्याने आधी इंजिन चालू केलं. "बायकोच असं म्हणतेय म्हणजे खरं असेल," तो म्हणाला.

मग माझी पाळी आली. अरुंद घाटात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ट्रक आणि बस वळवत होतो. थोडं मागे, चाक डावीकडे, बस्स, आता पुढे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी तुकडी होती ती, आणि सगळे माझ्यापेक्षा चांगले ड्रायव्हर. भावोजी खाली खाली चालत जाऊन प्रत्येक नव्याने येणाऱ्या गाडीला हात जोडून थांबवत होते. बूट चिखलाने भरले होते, मानेची उशी कुठेतरी पडली होती. शिव्या भरपूर खाल्ल्या त्यांनी. एकालाही उलट बोलले नाहीत.

ऊन उतरायला लागलं तेव्हा क्रेन वर पोचली. ड्रायव्हरला काढलं. तो वाचला, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. आता तो काठी घेऊन चालतो आणि ट्रक त्याचा भाऊ चालवतो. भावोजी त्याला दवाखान्यात भेटायला गेले होते, त्याने भेट नाकारली. हे मला ताईकडून कळलं. भावोजी या विषयावर बोलत नाहीत.

तिकडे राजधानीत समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की, सत्कारमूर्ती वाहतुकीमुळे पोचू शकले नाहीत, तरी आपल्या महामार्गावर त्यांच्या शब्दाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. टाळ्या झाल्या. मानचिन्ह घरी आलं, काचेचं, रस्त्यासारखं वळणदार. ताईने ते खोक्यातून बाहेर काढलंच नाही.

परत आल्यावर भावोजी कामावर रुजू झाले, आणि काही दिवसांत पठारावर वादळ सुटलं. ट्रक आडवे पडायला लागले. साहेब नेहमीप्रमाणे सहीपुरते नव्हते. भावोजींनी माइक चालू केला आणि म्हणाले, "पठारावरचा रस्ता बंद आहे." मग श्रोत्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा म्हणाले. त्या दिवशी टोलनाक्यावर कुत्रंही फिरकलं नाही. साहेब मात्र ताबडतोब सापडले. जो माणूस वर्षानुवर्षं सही करायला मिळत नव्हता, त्याने भावोजींच्या बदलीवर मोठ्या झोकात सही केली. निवेदकाच्या खुर्चीवर साहेबांचा भाचा आला. त्याचा आवाज घोगरा आहे, पण तीन शब्द पाठ व्हायला त्याला वेळ लागला नाही.

भावोजींना मदतवाहिनीवर टाकलं. एक टेबल, एक फोन, भिंतीकडे तोंड. अडकलेल्यांचे फोन घ्यायचे. इथे त्यांनी जीव ओतून काम केलं, हे मान्य करायला पाहिजे. लोकांचं ऐकून घ्यायला लागले, क्रेनवाल्यांना झोपेतून उठवायला लागले. पण माणूस एका खड्ड्यातून निघाला की दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात जातो. आता त्यांना कुठलाच रस्ता चांगला वाटेना. ताईला बाजारात जायचं असलं तरी हे खिडकीतून आकाश बघणार, चौकात काय पडलंय ते विचारणार. मुलीला सासरहून माहेरी यायचं होतं, तर त्यांनी फोनवरच तिला इतकं घाबरवलं की तिने तिकीट रद्द केलं. ताई मला म्हणाली, "आधी रस्ता बंद आहे ते कळायचं नाही, आता चालू आहे ते कळत नाही. माझं आपलं घर तेवढं ठप्प."

परवा मी एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला घाटातून चाललो होतो. स्वच्छ ऊन, धुऊन काढल्यासारखा रस्ता, पुढे-मागे एक वाहन नाही. उगाच गंमत म्हणून मदतवाहिनीला फोन लावला. भावोजींनीच उचलला, पण ओळख दाखवली नाही. कामावर असताना ते नातं पाळत नाहीत.

"गाडी नंबर सांगा. कुठे आहात?"

"घाटात, भावोजी. मीच आहे."

"समोर काय दिसतंय?"

"काही नाही. रस्ता मोकळा आहे."

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "नक्की तूच बघतोयस ना? का कुणी सांगितलं?"

"मीच बघतोय."

"मग गाडी बाजूला घे, उतर, आणि वळणापर्यंत चालत जाऊन ये," ते म्हणाले. "मी फोन धरून आहे."

मी उतरलो. काय करणार, ताईचा नवरा आहे.